टाळू हुंगणारे महाराज

साहेब, त्या हुकमावर सही तुमची आहे. नाक महाराजांचं होतं, पण पेन तुमचं होतं. राष्ट्रीय प्रयोगशाळेतली एकशे सत्तेचाळीस माणसं आयुष्यभर काय शिकली, कुठे घासली गेली, कशात त्यांचा हात बसला, हे ठरवायला तुम्ही एक नाक बोलावलंत. ते नाक पोटासाठी फसवत होतं. तुम्हाला पगार मिळतो तो न फसण्याचा. म्हणून आरोप आधी तुमच्यावर, महाराजांचा नंबर नंतर.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे. ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी पहिल्यापासून सांगायला हवं. गोष्टीत तुम्हाला मोठे साहेब म्हणू, म्हणजे वाचणाऱ्याचा घोटाळा नको.

तर शुक्रवारी सकाळी प्रयोगशाळेच्या सभागृहापासून रांग लागली ती जिना उतरून सायकलस्टँडपर्यंत. रांगेत सगळे पांढऱ्या कोटातले. ज्यांनी कधी आरशात पाहून भांग पाडला नव्हता तेही डोकं धुऊन आले होते. टक्कल पडलेले एक गणितवाले काळजीत होते की केसांबरोबर वासही गेला असेल का. मागच्याने त्यांना धीर दिला, "उलट तुमचा थेट येईल. मध्ये अडथळाच नाही."

दाराशी टेबल टाकून ग्रंथपालबाई बसल्या होत्या. पुस्तकं सोडून आज त्यांना हजेरी घ्यायला बसवलं होतं. चौदा वर्षं त्या कंत्राटावर होत्या. दर अकरा महिन्यांनी त्यांना एक दिवस घरी बसवायचे आणि दुसऱ्या दिवशी नव्याने कामावर घ्यायचे. त्यांना कायम करायची फाइल या वेळी पहिल्यांदाच मोठ्या साहेबांच्या टेबलापर्यंत पोचली होती. फक्त सही राहिली होती. त्यामुळे बाई कोणी बसवेल तिथे बसत होत्या आणि हुंगायला आलेल्या महाराजांनाही वाकून नमस्कार करत होत्या.

महाराज व्यासपीठावर. डाव्या नाकपुडीत कापसाचा बोळा, कारण ती 'विश्रांतीवर' होती. अंगाने भरलेले, बोलण्यात मऊ. माइक हातात घेऊन ते म्हणाले, "विद्या कानाने शिरते, डोळ्याने शिरते. पण बाहेर यायला तिला एकच दार आहे, टाळू. तिथे तिचा वास राहतो. गणिताचा कोरडा. रसायनाचा आंबट. वैद्यकाचा कडसर. मी माणसाला हात लावत नाही, हात लावला की विद्या बुजते. मी फक्त हुंगतो. ज्याची जेवढी विद्या तेवढा मला वास." मग थोडं थांबून, "आणि ज्याने कॉपी करून पदवी मिळवली, त्याचा काहीच वास येत नाही."

झालं. या एका वाक्यानंतर सभागृहात शंका काढायची कोणाची छाती होणार? जो शंका काढेल त्याच्याकडे सगळे वळून बघणार, याला कसली भीती वाटतेय म्हणून.

बाजूला एक शिष्या उभी होती. ती बिल्ल्याचा नंबर मोठ्याने पुकारायची. माणूस खुर्चीवर बसायचा, मान खाली, डोळे मिटलेले. महाराज एक जाड काळी शाल त्याच्या डोक्यावर टाकायचे आणि स्वतःही तिच्यात शिरायचे. वास उडू नये म्हणून. अर्धा मिनिट आतून फक्त सूं सूं ऐकू यायचं. मग महाराज बाहेर येऊन सांगायचे.

"बिल्ला नंबर एक."

नंबर एक म्हणजे अर्थातच मोठे साहेब.

"दोन पदव्या," महाराज डोळे मिटून म्हणाले. "एक इथली, एक समुद्रापलीकडची. प्रकाशाचा वास आहे. एकोणतीस वर्षं जुना."

मोठ्या साहेबांच्या डोळ्यांना धार लागली. साहेब स्वतः प्रकाशाचे अभ्यासक, आयुष्यभर भिंगं घासलेले. ते रुमाल शोधत खाली उतरले आणि पहिल्या रांगेत बसून शेजाऱ्याला म्हणाले, "बरोब्बर एकोणतीस."

दोन नंबर बरोबर. तीन नंबर बरोबर. साठ नंबरपर्यंत एक पदवी चुकली नाही की एक साल चुकलं नाही. टाळ्यांनी हात दुखायला लागले. आणि मग शिष्येनं पुकारलं, "बिल्ला नंबर बासष्ट." एकसष्ट नंबरचे काका निवृत्त झाले होते, त्यांची जागा रिकामीच होती.

बासष्ट नंबर म्हणजे गंजवाले. लोखंड का गंजतं आणि कसं वाचवायचं, यात त्यांची हयात गेलेली. महाराज शालीतून बाहेर आले आणि म्हणाले, "एकतीस वर्षं. गटाराचं पाणी. त्यातले जंतू."

गंजवाले मान वर करून म्हणाले, "महाराज, माझं काम गंजावर आहे."

महाराजांची पापणी एकदा हलली. ग्रंथपालबाई जवळ होत्या म्हणून त्यांना दिसली, इतरांना नाही. मग महाराज हसले. "ती तुमची वरची विद्या. ती तर पट्टेवाल्यालाही दिसते. मी आतली हुंगतो. जी तुम्ही अजून वापरलीच नाही."

गंजवाल्यांचा चेहरा बघण्यासारखा झाला. वयाच्या पन्नाशीला कोणी सांगावं की तुमच्या पोटात आणखी एक माणूस आहे आणि तो तुमच्याहून हुशार आहे, तर कोणाला गोड वाटणार नाही? खाली येताना ते पुटपुटले, "मला गटाराजवळून जाताना नेहमी काहीतरी व्हायचं खरं."

"सगळ्यांनाच होतं," मागून आवाज आला. तो आवाज ग्रंथपालबाईंच्या नणंदेचा. नणंद याच प्रयोगशाळेत दाबघर सांभाळायची. तिथे एक भली मोठी पोलादी टाकी आहे, तिच्यात पाणी भरून प्रचंड दाब द्यायचा आणि यंत्रांचे भाग किती सोसतात ते बघायचं, हे तिचं वीस वर्षांचं काम. लोक तिला लोखंडबाई म्हणायचे, तोंडावरसुद्धा.

त्यानंतर जे जे खुर्चीवर बसले त्या प्रत्येकाला आतली विद्या निघाली. बियाण्यांवर काम करणाऱ्या बाईंना गंज निघाला. मधमाश्यावाल्यांना भूकंप निघाला. लोखंडबाईला मधमाश्या निघाल्या, सोळा वर्षांच्या. आणि तिच्या मागोमाग, बिल्ला नंबर अठ्ठ्याऐंशी, पक्ष्यांच्या स्थलांतराचे अभ्यासक, ज्यांना सगळे प्रेमाने पाखरूमास्तर म्हणतात आणि ज्यांना स्क्रूड्रायव्हर कोणत्या बाजूने धरतात ते ठाऊक नाही, त्यांच्या टाळूला पोलादाचा वास आला.

"वीस वर्षं," महाराज म्हणाले. "अतिउच्च दाब. झडपा. टाकी."

पाखरूमास्तर छाती काढून खाली उतरले. "लहानपणी मी कुकरच्या शिट्ट्या मोजायचो," ते भेटेल त्याला सांगत सुटले. "आई म्हणायची, याला यातलं कळतं."

संध्याकाळी मोठ्या साहेबांनी सही केली. शनिवारी सकाळी फलकावर हुकूम लागला: विद्यागंध अहवालानुसार सर्वांच्या नव्या नेमणुका, सोमवारपासून. सोमवारी अकरा वाजता दाबघरात नव्या टाकीची पहिली चाचणी, झडप पाखरूमास्तर उघडतील, महाराज आशीर्वाद देतील.

दुपारी नणंद ग्रंथालयात शिरली ती दार आपटूनच.

"अगं, मला मधमाश्यांत टाकलंय. मधमाशी मला चावली तर मी तिला उलटी चावेन, एवढंच माझं त्यातलं ज्ञान."

"हळू बोला वन्सं. लोक वाचतायत."

"कोण वाचतंय? सगळे आपापली आतली विद्या शोधत बागेत फिरतायत. माझं सोड. तो पाखरू टाकीला हात लावेल ना, तर तो, दोन मदतनीस आणि भिंत, चौघंही एकाच वेळी बाहेर येतील. नव्या टाकीतली हवा आधी हळूहळू काढावी लागते. त्याला वाटतंय शिट्टी झाली की बंद करायचं."

ग्रंथपालबाई पुस्तकांवर शिक्के मारत होत्या. हात चालू, डोकं दुसरीकडे. "वन्सं, तुम्हाला एक विचारू? शालीत काय दिसलं?"

"डोळे मिटायला सांगितले होते ना."

"तरी?"

नणंद थांबली. "निळसर उजेड. सगळे म्हणतायत ना, पापणीतूनही निळी प्रभा दिसली. आणि टाळूला जरा ऊब लागली."

"ऊब?"

"हो, तापलेल्या मोबाइलची लागते तशी." बोलता बोलता नणंदेचा आवाज खाली आला.

शिक्का हातात तसाच राहिला. बाईंच्या डोक्यात गंजवाल्यांचं वाक्य फिरत होतं. एकतीस वर्षं, गटाराचं पाणी. हे त्यांनी कुठेतरी वाचलं नव्हतं, टाइप केलं होतं. एकसष्ट नंबरचे काका निवृत्त झाले तेव्हा शेवटची पुस्तकं परत करायला आले होते, सगळी गटारावरची. एकतीस वर्षं झाली पोरी, असं म्हणाले होते.

त्यांनी संगणकावर प्रयोगशाळेची वेबसाइट उघडली. तिथे 'आमचे संशोधक' म्हणून एक यादी आहे. बिल्ल्याचा नंबर, नाव, शिक्षण, आधी कुठे काम केलं, कशात हातखंडा. जगात कोणीही कुठेही बसून वाचू शकतो. ती यादी सात महिन्यांपूर्वी ग्रंथपालबाईंनीच केली होती.

साठपर्यंत सगळं ठीक. मग यादी चढवायच्या आधीच काका निवृत्त झाले म्हणून बाईंनी त्यांचा नंबर आणि नाव पुसलं, तेव्हा नंबर-नावांचे रकाने एक घर वर सरकले. माहितीचे रकाने मात्र होते तिथेच राहिले. काकांचं गटार गंजवाल्यांच्या नावापुढे आलं. गंजवाल्यांचा गंज बियाणेबाईंपुढे. तिथून खाली शेवटपर्यंत प्रत्येकाच्या नावापुढे त्याच्या आधीच्या माणसाचं आयुष्य. अगदी तळाशी हवामानाची एक ओळ बिननावाची लोंबत होती.

बाईंनी पडदा नणंदेकडे वळवला.

"म्हणजे तो हुंगत नव्हता," नणंद म्हणाली. "शालीत मोबाइल धरून तुझी यादी वाचत होता. तुझ्या चुकीसकट."

"माझ्या चुकीसकट."

"सात महिने? आणि कोणाला दिसलं नाही?"

ग्रंथपालबाईंनी कपाटातून एक जाड फाइल काढून तिच्यापुढे टाकली. यादी चढवल्यावर त्यांनी प्रत्येकाला त्याची माहिती छापून पाठवली होती, 'कृपया स्वतःची नोंद तपासून सही करावी' म्हणून. एकशे सत्तेचाळीस कागद. प्रत्येकावर 'तपासले' आणि खाली सही. ही माणसं दशांश चिन्हानंतरच्या चौथ्या आकड्यासाठी आठवडाभर भांडतात, पण स्वतःबद्दलचा कागद वाचायला कोणाला मिनिट नव्हतं. आपलं आपल्याला ठाऊकच आहे, त्यात वाचायचं काय?

नणंद पानं उलटत सत्याऐंशीवर आली. 'मधमाश्यांचे दळणवळण, सोळा वर्षे. तपासले.' खाली तिचीच झोकदार सही.

"ही माझीच की गं," ती म्हणाली आणि खुर्चीत बसली.

मग ग्रंथपालबाई यादीची प्रत घेऊन मोठ्या साहेबांकडे गेल्या. केबिनबाहेर पाऊण तास. आत गेल्यावर उभ्यानेच सगळं सांगितलं, स्वतःची चूक आधी.

साहेबांनी कागद शांतपणे पाहिला. "म्हणजे तुमच्या मते गंजवाल्यांपुढे यादीत गटार लिहिलंय."

"हो साहेब. चुकून."

"आणि महाराजांनाही गटाराचाच वास आला."

"यादी वाचून आला, साहेब."

"बाई, दोन स्वतंत्र ठिकाणांहून एकच गोष्ट निघाली तर विज्ञानात तिला काय म्हणतात? पुरावा." साहेबांनी कागद परत केला. "यादी बरोबर आहे. तुमचा हात चुकला असं तुम्हाला वाटतं, पण कदाचित तुमच्या हातून ते करवून घेतलं गेलं."

"साहेब, सोमवारी टाकीला दाब देताना काही झालं तर?"

साहेबांनी टेबलावरची एक निळी फाइल बोटाने जराशी सरळ केली. बाईंना त्यावर स्वतःचं नाव दिसलं. "चौदा वर्षं म्हणजे थोडी नाहीत," साहेब म्हणाले. "आता काठावर येऊन पाय घसरू देऊ नका."

बाहेर नणंद उभी होती. तिने बाईंच्या हातातली यादी आपल्याकडे घेतली. जिना उतरताना बाईच म्हणाल्या, "बोलले तर फाइल गेली. न बोलले तर मास्तर गेले."

"फाइल पुन्हा वर येईल."

"चौदा वर्षांनी?"

"ते मला सांगता यायचं नाही," नणंद म्हणाली. "पण मास्तर पुन्हा येणार नाहीत, हे नक्की सांगते. मला त्या टाकीचं कळतं."

सोमवारी दहा वाजता दाबघरात पाय ठेवायला जागा नव्हती. वर पत्र्याच्या छतापर्यंत पाइप, मधोमध टाकी, समोर खुर्च्या, खुर्च्यांमागे उभी गर्दी. पाखरूमास्तर हेल्मेट घालून टाकीजवळ उभे. हेल्मेट उलटं होतं. मोठे साहेब भाषणात म्हणाले की आज विज्ञान आपल्याच टाळूकडे परत येत आहे.

शिष्येनं विचारलं, "कोणी राहिलंय का हुंगायचं?"

ग्रंथपालबाई उभ्या राहिल्या. "एक राहिलेत. बिल्ला नंबर एकशे एकोणपन्नास. आजच रुजू झालेत."

नणंदेनं चाकाची खुर्ची ढकलत पुढे आणली. खुर्चीत पांढऱ्या कोटातला एक इसम मान खाली घालून बसलेला, डोक्यावरून चादर घेतलेला.

"झाकून का?" साहेबांनी विचारलं.

"फार श्रद्धाळू आहेत," नणंद म्हणाली. "वाटेत वास उडू नये म्हणून घरूनच झाकून आलेत."

महाराजांनी प्रसन्न होऊन मान डोलावली. गर्दीत कुजबूज झाली. हे कोण? नवीन आलेत. दिसतात मात्र हुशार.

शाल पडली. महाराज आत शिरले. सूं सूं. गर्दी श्वास धरून. या खेपेला महाराज जरा जास्त वेळ आत राहिले, कारण रविवारी यादीत भर घातलेली ओळ लांबलचक होती. मग ते डोकं बाहेर काढून, एक हात शालीतच ठेवून म्हणाले,

"तीन पदव्या. तिन्ही परदेशी. खोल समुद्रातल्या सावल्यांचं वजन करतात. बावीस वर्षं. दोन सुवर्णपदकं." टाळ्या. "स्वभावाने अबोल. अंतःकरणाने हळवे. खूप लोकांनी यांच्या छातीवर हात ठेवलेत, पण यांचं दुःख कोणी ओळखलं नाही."

पुढच्या रांगेतल्या एका बाईंनी डोळे पुसले.

ग्रंथपालबाई पुढे झाल्या आणि त्यांनी शाल आणि चादर एकदमच ओढली.

खुर्चीत रबराचा पुतळा होता. प्रथमोपचार शिकवायचा, ज्याच्या छातीवर दाब देऊन सगळ्यांनी दरवर्षी सराव केलेला, तोंड उघडं असणारा. वर्षभर बंद कपाटात कोंडलेलं रबर ते. त्याच्या वासाने नणंदेला खुर्ची ढकलताना मळमळलं होतं. ज्या नाकाला समुद्रापलीकडची पदवी कळत होती, त्याला वीतभरावरचं रबर कळलं नाही. आणि पुतळ्याच्या टाळूवर महाराजांच्या हातात मोबाइल, पडद्यावर प्रयोगशाळेचं बोधचिन्ह आणि खाली ओळ: एकशे एकोणपन्नास, खोल समुद्रातील सावल्यांचे वजन.

इतका वेळ पुतळाच तेवढा आ वासून बसलेला होता, पण आता तो एकटा नव्हता.

महाराज सावरले. लबाडाला सावरायला वेळ लागत नाही, लाजच आड येत नाही ना. "रबर झाडातून येतं," ते म्हणाले. "झाडालाही विद्या असते. मी त्या झाडाची हुंगली."

"झाडाला सुवर्णपदक कोणी दिलं?" नणंदेनं विचारलं.

"दोन दिली," मागून गंजवाले म्हणाले. हसू फुटलं ते तिथे.

ग्रंथपालबाईंनी माइक घेतला. हसू थांबायची वाट पाहिली. "सावल्यांची ओळ मी काल वेबसाइटवर घातली. मुद्दाम. पण त्याआधीच्या सगळ्या चुका माझ्या खऱ्या चुका आहेत. एकसष्टनंतर यादी एक घर घसरली. गंजवाले, तुमच्यात गटार नाही. ते काकांचं आहे. भूकंप मधमाश्यावाल्यांचा नाही, त्यांच्या आधीच्यांचा आहे. तुम्हाला हुंगलं कोणी नाही, तुम्हाला वाचलं. तेही चुकीचं. आणि सात महिन्यांपूर्वी तुम्ही सगळ्यांनी त्यावर 'तपासले' म्हणून सही केली आहे. फाइल इथे आहे, ज्याला बघायची त्याने बघावी."

आता हसू कोणालाच नव्हतं. बियाणेबाईंनी फाइल उघडली, स्वतःचा कागद पाहिला आणि शेजारणीकडे सरकवली. तिने पाहून पुढे सरकवली.

"मोबाइल वेळ बघायला असेल," कोणीतरी दुबळं बोललं. खोटं पकडल्यावरही काही जणांना ते हवंच असतं. तीन दिवस का होईना, त्यांच्या आत दुसरा मोठा माणूस राहायला आला होता. त्याला एकदम घराबाहेर कसं काढायचं?

नणंद पाखरूमास्तरांजवळ गेली. "मास्तर, एकच विचारते. झडप उघडायच्या आधी काय करायचं?"

मास्तरांनी टाकीकडे पाहिलं, झडपेकडे पाहिलं, मग हेल्मेट काढून दोन्ही हातांत धरलं. "मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "शुक्रवारपासून मला झोप नाही. पण सगळे म्हणत होते, मास्तर, तुमच्यात आहे, तुमच्यात आहे. नाही म्हणायला लाज वाटली. माझ्यात पक्षीच आहेत, ताई. ते कुठून कुठे जातात एवढंच मला येतं."

"ते मला सात जन्मांत येणार नाही," नणंद म्हणाली. "जा, तुमच्या पाखरांकडे जा." तिने हेल्मेट घेतलं, सरळ केलं आणि डोक्यावर चढवलं. मग सगळ्यांना दाबघराबाहेर काढलं, मोठ्या साहेबांनाही. चाचणी दुपारी झाली. टाकीतली हवा काढायलाच तिला दोन तास लागले.

इथे चमत्काराची गोष्ट संपते. साहेब, तुमची संपत नाही.

महाराज त्या दिवशी तुमच्याच गाडीतून स्टेशनवर गेले. त्यांना कोणी जाब विचारला नाही. जाब विचारला गेला तो ग्रंथपालबाईंना. नोटिशीत लिहिलं होतं की 'प्रयोगशाळेच्या वेबसाइटवर निर्जीव वस्तूची खोटी शैक्षणिक पात्रता नोंदवून सन्माननीय पाहुण्यांची दिशाभूल केली.' पाहुण्यांची दिशाभूल, असं. निळी फाइल 'पुढील निर्णयापर्यंत' परत खाली गेली. नेमणुकांचा हुकूम तुम्ही रद्द केला नाहीत, नुसता 'स्थगित' ठेवलात, हजेरीपट मात्र नवाच राहिला. म्हणजे आजही लोखंडबाई सकाळी मधमाश्या विभागात हजेरी लावतात आणि मग कामाला दाबघरात जातात.

नोटिशीला बाईंनी सात दिवसांच्या आत लेखी उत्तर दिलं. चूक कबूल केली, यादी दुरुस्त केली, आणि या वेळी कागद पाठवून सह्या मागवल्या नाहीत. प्रत्येकाच्या टेबलाशी जाऊन, त्याला समोर बसवून, त्याची ओळ त्याच्याकडून मोठ्याने वाचून घेतली. सत्तावीस जणांनी आणखी चुका काढल्या. एवढं सोपं होतं ते.

लोकहो, माणसाला काय येतं हे कळायला दिव्य नाक लागत नाही. त्याच्या टेबलापाशी उभं राहावं. विचारावं, तू काय करतोस, कुठे शिकलास, कुणाच्या हाताखाली, कशात चुकलास आणि मग काय केलंस. त्याचे हात बघावेत. नाही पटलं तर त्या कामातल्या दुसऱ्याला विचारावं. आणि तुमच्याबद्दल कोणी काही लिहून आणलं तर सही करायच्या आधी ते वाचावं. महाराजांकडे शक्ती नव्हती. एक मोबाइल होता, एक शाल होती आणि तुमच्यासारख्यांनीच न वाचता केलेल्या एकशे सत्तेचाळीस सह्या होत्या. त्यांच्या धंद्याचं भांडवल तेच.

आणि साहेब, तुम्ही. तुमच्या केबिनपासून दाबघर पन्नास पावलांवर आहे. शुक्रवारी संध्याकाळी पेन उघडण्याआधी तिथे चालत जाऊन वीस वर्षं टाकी सांभाळणाऱ्या बाईला 'तुम्ही इथे काय करता' एवढं एक वाक्य विचारायला तुम्हाला काय आडवं आलं? पायाला काही झालं होतं की मानाला? बाईंकडून तुम्ही सात दिवसांत लेखी उत्तर मागितलंत आणि त्यांनी दिलं. तुम्हालाही तेवढेच दिवस. उत्तर लेखी द्या, सहीने द्या, आणि ज्या फलकावर हुकूम लावला होता त्याच फलकावर लावा.